पंधराशे रुपयांना एकवीस हजारांची अट का? विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : निराधार व श्रावणबाळ योजनेचं अनुदान, त्यासाठीची उत्पन्नाची अट आणि आपलं निवृत्तिवेतन

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दहा वर्षं झाली. उत्पन्नाचे, रहिवासाचे, जातीचे दाखले काढून देते आणि त्याबरोबर संजय गांधी निराधार योजनेचे आणि गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला कुठल्या एका तलाठ्याची किंवा तहसील कचेरीची तक्रार करायची नाही. ती माणसं वरून आलेल्या आदेशाप्रमाणे चालतात. मला बोलायचंय ते त्या आदेशाबद्दल. आदेश सरकार काढतं, त्यासाठीचा पैसा दरवर्षी अर्थसंकल्पात आपण मंजूर करता, म्हणून पत्र आपल्या नावे आहे. आणि ते उघड लिहिते आहे, कारण ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांनाही कुणीतरी वाचून दाखवावं अशी इच्छा आहे.

आमच्याकडे म्हाताऱ्या बाया या अनुदानाला ‘पगार’ म्हणतात. सकाळी शटर वर करायच्या आधीच दोघी-तिघी पायरीवर बसलेल्या असतात. पासबुक कॅरीबॅगेत, कॅरीबॅग कापडी पिशवीत आणि पिशवी काखेत घट्ट धरलेली. मी दिसले की पहिला प्रश्न, “पगार पडला का गं?” हा पगार महिन्याला १५०० रुपये आहे. जुलै २०२३ च्या आधी १००० होता, त्याच्याही आधी ६००.

माझी सख्खी आत्या या बायांपैकीच एक. वय ७१. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली, जमीन नाही, जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदणी आणि कापसाची वेचणी केली. तिला श्रावणबाळचे पैसे मिळत होते. एका वर्षी उत्पन्नाचा दाखला नवा काढायचा होता. तिचा मुलगा पुण्याकडे एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो, भाड्याच्या खोलीत राहतो, स्वतःच्या लेकरांचं कसंबसं भागवतो. त्याचं नाव तिच्या रेशन कार्डावर होतं. त्यामुळे कुटुंबाचं उत्पन्न म्हणून त्याचीही कमाई धरली गेली. चौकशीत काहीच खोटं नव्हतं. दाखला योजनेच्या एकवीस हजारांच्या मर्यादेवर गेला आणि पैसे बंद झाले.

पाच महिने तिने मला सांगितलंच नाही. मी रोज दुसऱ्यांचे हेच अर्ज भरत होते आणि माझी आत्या पुन्हा वेचणीला जात होती. कळलं तेव्हा मी चिडले, तर म्हणाली, “तुला सांगून तू काय करणार हुतीस? कायदा काय तुझ्या हातात हाय का?”

पैसे पुन्हा सुरू करायला एकच वाट होती, ती मी धरली. मुलाचं नाव तिच्या रेशन कार्डावरून कमी केलं. कागदावर ती एकटी झाली, मग दाखला मिळाला. नाव कमी केल्याचा कागद मी तिला वाचून दाखवला तेव्हा तिने विचारलं, “म्हंजी आता त्यो माझा न्हाई का?” मी म्हटलं, “आत्या, हे नुसतं कागदावर आहे.” ती काही बोलली नाही. कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

पुढे आधारचा ठसा द्यायची वेळ आली. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. पाच महिने बोंडांनी बोटांची टोकं सोलवटून टाकली होती, आणि त्याआधीच्या पन्नास वर्षांत त्यांवरच्या रेषा जवळजवळ पुसूनच गेल्या होत्या. मी कोमट पाण्यात बोटं धुतली, पदराला पुसली, खोबरेल लावून पाहिलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात. प्रत्येक वेळी ती बोट इतकं दाबायची की नख पांढरं पडायचं. तिला वाटायचं, आपणच जोर कमी लावतोय. चौथ्या दिवशी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचा ठसा लागला.

माझं गाऱ्हाणं इथून सुरू होतं.

एकवीस हजार ही वर्षाची मर्यादा आहे, तीही सगळ्या कुटुंबाची. महिन्याला १७५० रुपये, दिवसाला साधारण साडेसत्तावन्न. एवढ्यावर कुठलंही कुटुंब जगत नाही, हे तलाठ्याला माहीत आहे, तहसीलदारांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. अनुदान ६०० होतं तेव्हाही मर्यादा एकवीस हजारच होती. १००० झालं, १५०० झालं, मर्यादा तिथेच राहिली. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या हिशेबाने एखाद्या घरातल्या माणसाला ६८ दिवस काम मिळालं की त्या घराचं उत्पन्न २१ हजार २१६ होतं. म्हणजे हमीचं पुरं काम मिळालं तर त्याच घरातली म्हातारी निराधार राहत नाही. सरकारचे हे दोन्ही नियम एकत्र खरे कसे धरायचे, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मग लोक काय करतात? स्वयंघोषणापत्रात वीस हजार लिहितात, अठरा हजार लिहितात. ते माझ्याच हाताने टाइप होतं. खाली ओळ असते, माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. ती ओळ मी प्रत्येकीला वाचून दाखवते, कारण अंगठा तिचा असतो. काही जणी घाबरतात. एक आजी उठून घरी गेली, पुन्हा आलीच नाही. सदस्यहो, ज्या बाईने आयुष्यात कुणाचे चार आणे बुडवले नाहीत तिला सत्तराव्या वर्षी खोट्या कागदावर अंगठा उठवायला लागतो. ही लाज तिची नाही. अटीच अशा घातल्यात की खरं बोलणारी बाहेर राहते. यात खाबूगिरीला किती वाव मिळतो, तेही सांगायला हवं. एकवीसच्या आतला दाखला मिळणं हे हक्काचं राहिलं नाही की तो मिळवून देणारे मध्यस्थ उभे राहतातच.

दुसरी गोष्ट याच अटीशी जोडलेली आहे आणि मला ती सगळ्यांत जास्त खटकते. २०२४ च्या जुलैपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. २१ ते ६५ वर्षं वय, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिना १५०० रुपये. त्या महिन्यांत आमच्या केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री बारा-बारापर्यंत मी अर्ज भरले आणि आनंदाने भरले. कितीतरी बायांच्या स्वतःच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पैसे आले. त्या पैशावर माझा आक्षेप नाही. पण तीच बाई ६५ ओलांडते, तेव्हा ती योजना तिच्यासाठी संपते आणि तिला श्रावणबाळच्या दारात उभं राहावं लागतं. तिथे तिला सांगितलं जातं की अडीच लाख विसरा, आता एकवीस हजारांच्या आत असाल तरच या. अंगात ताकद होती तेव्हा तिच्यासाठी मर्यादा जवळजवळ बारा पट मोठी होती. हात चालेनासे झाले, आणि मर्यादा बाराव्या हिश्शावर आली. घर तेच, कमाई तीच किंवा कमीच. याचं कारण मी ६६ वर्षांच्या बाईला काय सांगू? आपण सांगा, मी केंद्रात तेच शब्द वापरीन.

रकमेबद्दल थोडक्यात. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांच्या १५०० मध्ये केंद्र सरकारचा वाटा २०० रुपये आहे. ऐंशीच्या पुढे गेलं की ५००. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना २००७ मध्ये या नावाने सुरू झाली तेव्हाही हा आकडा २०० च होता. तेव्हाच्या २०० मध्ये काय यायचं आणि आज काय येतं, हे घर चालवणाऱ्या कुणालाही विचारावं. राज्याने आपला वाटा वाढवला, हे खरं. दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये अडीच हजार केली, त्याबद्दल आभार, अगदी मनापासून. पण विधवा आणि म्हातारी माणसं मागेच राहिली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने वृद्धांचं निवृत्तिवेतन १५०० वरून २१०० करण्याचं वचन दिलं होतं. ते वचन आमच्या बायांनी ऐकलेलं आहे आणि त्या ते विसरलेल्या नाहीत. दर महिन्याला पासबुक भरून दिलं की त्या आकड्यावर बोट ठेवून विचारतात, “वाढीव आलं का?”

त्यातही ते दर महिन्याला येतं असं नाही. कधी दोन महिन्यांचे एकदम, कधी तीन महिने काहीच नाही. डीबीटी, म्हणजे पैसे थेट खात्यात जमा व्हायची पद्धत, आल्यापासून मधले हात कमी झाले, हे मला मान्य आहे, पण खातं आधारला जोडलेलं नाही, नावात वेलांटी चुकली, असल्या कारणांनी पैसे अडकले की आजीला कुणी कळवत नाही. तिला कळतं ते बँक मित्राच्या टेबलापुढे, भाड्याचे पैसे खर्चून तिथवर गेल्यावर.

आता आपल्याबद्दल. हे लिहिताना मी शब्द जपून वापरते आहे, कारण मला कुणाचा अपमान करायचा नाही.

आपलं निवृत्तिवेतन १९७६ च्या कायद्याने ठरलेलं आहे. आज माजी सदस्याला महिन्याला ५० हजार मिळतात. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ सदस्य असलेल्यांना पुढच्या प्रत्येक वर्षासाठी आणखी दोन हजार. ऑगस्ट २०१६ मध्ये पावसाळी अधिवेशनाच्या अखेरीस ते ४० हजारांवरून ५० हजार झालं, त्याच वेळी आपलं वेतनही वाढलं. संविधानाच्या अनुच्छेद १९५ प्रमाणे आपलं वेतन आणि भत्ते ठरवायचा अधिकार आपल्यालाच आहे, म्हणजे यात बेकायदा काही झालं असं मी म्हणत नाही. पण माजी सदस्याकडे किती जमीन आहे, कारखाना आहे का, शिक्षण संस्था आहे का, मुलगा किती कमावतो, हे निवृत्तिवेतन देताना कुणी विचारत नाही. त्यांच्यासाठी एकवीस हजार काय, एकवीस कोटींचीही मर्यादा नाही. आत्याला मात्र १५०० साठी मुलगा कागदावरून तोडावा लागला.

दोन्ही पैसे एकाच तिजोरीतून जातात. आणि दोन्हींना सरकारी कागदात एकच शब्द आहे. आत्याच्या योजनेचं पुरं नाव ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ आहे. एका निवृत्तिवेतनाला कायद्याचा आधार, म्हणून तो हक्क. दुसऱ्याला शासन निर्णयाचा आधार, म्हणून ते अनुदान, आणि घेणारी लाभार्थी. एका माजी सदस्याला एका महिन्यात जेवढं मिळतं त्यात आत्याचे दोन वर्षं नऊ महिने निघतात.

आमदारांचं वेतन बंद करा, निवृत्तिवेतन रद्द करा, असं सोशल मीडियावर रोज लिहिलं जातं. मला ते पटत नाही. वेतनच नसेल तर फक्त पैसेवाल्यांनीच निवडणूक लढवायची अशी वेळ येईल. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीने फिरत राहिले. अशा माणसाच्या म्हातारपणाची सोय राज्याने करायलाच हवी. उद्या माझ्यासारखीच्या घरातली मुलगी आमदार झाली तर पुढे तिचं काय, हाही प्रश्न आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्हीकडे माप एक असावं. गरज बघून द्यायचं असेल तर दोघांची गरज बघा. सेवेचा मान म्हणून द्यायचं असेल, तर पन्नास वर्षं दुसऱ्याच्या रानात राबलेल्या बाईचीही सेवा मोजा. या राज्याचा कापूस तिने वेचला आहे.

मधल्या लोकांचंही सांगते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत ते सात दिवस संपावर होते तेव्हा राज्यावर किती बोजा पडेल याची चर्चा वाहिन्यांवर दिवसभर चालायची. माझा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, तो त्या संपात होता. त्याच्या पगारातून दर महिन्याला पेन्शनसाठी कपात होते. कंपन्यांतून निवृत्त झालेल्या ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना) वाल्यांना किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपयेच आहे, आणि तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. हा शेवटचा विषय केंद्राचा आहे, म्हणून इथे वाढवत नाही. पण बोजाचा प्रश्न प्रत्येकाच्या वेळी निघतो आणि आपल्या वेळी निघत नाही, हे लोक बघत असतात.

केंद्रात खासदारांचं वेतन २०१८ च्या वित्त कायद्याने महागाईच्या निर्देशांकाला जोडलं गेलं. त्याप्रमाणे ते महिना १ लाखावरून १ लाख २४ हजार झालं, माजी खासदारांचं निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार. महागाई वाढते तसं वेतन वाढावं, हे तत्त्व मला योग्य वाटतं. तेच तत्त्व पंधराशेला लावायला काय अडचण आहे? राजस्थानने २०२३ मध्ये किमान हमी उत्पन्नाचा कायदा केला, त्यात सामाजिक सुरक्षा पेन्शन दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढवायची तरतूद आहे. पंजाबने २०२२ मध्ये एका आमदाराला एकच पेन्शन, असा बदल केला, मग तो कितीही वेळा निवडून आलेला असो. ब्रिटनमध्ये खासदारांचं वेतन २००९ च्या कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था ठरवते. म्हणजे मी मागते आहे त्यातलं अशक्य असं काही नाही. रोजगार हमीचा कायदा देशाच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये, याच सभागृहांनी केला होता.

माझ्या मागण्या अशा :

१. श्रावणबाळ आणि निराधार योजनेची एकवीस हजारांची मर्यादा काढून लाडकी बहीण योजनेइतकी, म्हणजे अडीच लाख करावी. निदान ६५ ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला आधीच्या योजनेतून थेट श्रावणबाळमध्ये घ्यावं, नवा अर्ज आणि नवा दाखला न मागता.

२. वेगळं राहणाऱ्या विवाहित मुलाची कमाई आईच्या उत्पन्नात धरू नये. रेशन कार्डावरून नाव कमी करायची वेळ कुठल्याही आईवर येऊ नये.

३. दिलेल्या वचनाप्रमाणे रक्कम २१०० करावी आणि पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढेल अशी तरतूद कायद्यात करावी. शासन निर्णयावर ती सोडू नये. केंद्राचा २०० चा वाटा वाढावा यासाठी दोन्ही सभागृहांनी ठराव करून दिल्लीला पाठवावा.

४. पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला यावेत. अडकले तर कारण मराठीत, एसएमएसने आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर कळवावं. ज्यांचा ठसा लागत नाही त्यांचा हयातीचा दाखला तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने घरी जाऊन, समोर बघून द्यावा.

५. आपलं वेतन आणि निवृत्तिवेतन ठरवायला निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमावा. त्याची सुनावणी जाहीर असावी. आणि त्याच आयोगाने त्याच बैठकीत निराधारांच्या रकमेचाही आढावा घ्यावा.

पाचवी मागणी पूर्ण व्हायला वेळ लागेल, हे मला कळतं. दुसरी आणि चौथी तर एका शासन निर्णयाने होण्यासारख्या आहेत. आपल्यापैकी एकाने जरी येत्या अधिवेशनात एकवीस हजारांच्या अटीवर तारांकित प्रश्न विचारला तरी आमच्या पायरीवरच्या बायांना मी ते उत्तर वाचून दाखवीन.

जानेवारी ते मार्च या महिन्यांत आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांची गर्दी असते. आपल्यापैकी कुणालाही सवड झाली तर एका बाजारच्या दिवशी कुठल्याही तालुक्यातल्या सेवा केंद्रात या. गाडी लांब उभी करा आणि सकाळी नऊला पायरीवर त्यांच्या शेजारी बसा. आत्याचा नंबर मी यंदा सुरुवातीलाच लावणार आहे. तिला वेचणीला जायचं नाही असं बजावून ठेवलं आहे, म्हणजे तोवर बोटं भरून येतील.

आपली विश्वासू,
एका आपले सरकार सेवा केंद्राची चालक